रविवारी पाहिलेलं पुणे

रविवार, ८ ऑगस्ट २००४

सकाळी उठलो. दूध तापवलं. नम्रता उशिरा उठली, तिची आज सुट्टी. जेवण करून दुपारी तिच्या स्कूटीवरून एम्प्रेस गार्डनला गेलो. तिकीट काढून आत हिंडलो. संध्याकाळी परत. रात्री खिचडी.

ही डायरी नम्रताला तिच्या कंपनीतून मिळाली. तिने मला दिली. निम्मं वर्ष कोरं गेलं आहे. कारखान्यात शिफ्ट संपताना रिपोर्ट लिहायचो, तेवढंच माझं लेखन. पण ती म्हणाली, "बोलत नाही तर लिहा तरी." म्हणून आजपासून.

बाग चांगली आहे. मोठाल्या जुन्या वेली आहेत, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. पंचवीस-सव्वीस वर्षं आम्ही विश्रांतवाडीत राहतो आणि ही बाग मी आज पहिल्यांदा पाहिली. याला कारण आहे. पिंपरीकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. नम्रताची आई द्वारका पोस्टात, तिला रविवारी. एका घरात राहून आमची सुट्टी कधी एकत्र आली नाही. सणावारी आली, तर खामगावला जायचो. पुणे बघू, निवृत्त झाल्यावर बघू, असं म्हणायचो. माझी व्हीआरएस झाली तरी तिची नोकरी बाकी होती. मग मागच्या वर्षी तिचं दुखणं आलं आणि डिसेंबरात ती गेली.

तर आता नम्रताने ठरवलं आहे की दर रविवारी मला पुणे दाखवायचं.

बागेत तिच्या कंपनीतला एक मुलगा योगायोगाने भेटला. भूषण नाव. एकटाच आला होता. त्याने तिघांना मक्याची कणसं आणली. माझं कणीस त्याने लिंबू कमी, तिखट कमी असं सांगून भाजून घेतलं होतं. मला तिखट चालत नाही हे त्याला कसं कळलं कोण जाणे. मुलगा व्यवस्थित वाटला.

पाय दुखतात. नुसतं चालून इतकं थकायला होत नसे पूर्वी.


गुरुवार, १२ ऑगस्ट

काही विशेष नाही. गुरुवारी अजूनही जाग उशिरा येते. दाढी दहा वाजता केली. तीन वर्षं झाली कारखाना सुटून, पण शरीराला अजून कोणी कळवलेलं नाही.

दुपारी हिंमतरावदादाचा खामगावहून फोन. अकोल्याचं स्थळ आहे, मुलगा वीज मंडळात इंजिनिअर.

"बापू, वर्षाच्या आत उरकून टाक. नाई तं तीन वर्सं थांबा लागते. मंग पोरगी म्हातारी होऊन बसंन."

मी म्हणालो, "बघतो."

"बघतो काय? तू जलमभर बघतोच म्हनत आला."

आईबाप गेले की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी, अशी आमच्याकडे रीत आहे. दादा म्हणतो ते बरोबर आहे. फोन ठेवून माळ्यावरचं सामान खाली काढलं, सगळे डबे पुसले आणि परत वर ठेवले. त्यात संध्याकाळ झाली. नम्रताला स्थळाचं सांगायचं राहिलं.


रविवार, २२ ऑगस्ट

मागच्या रविवारी स्वातंत्र्यदिन, सोसायटीत झेंडावंदन होतं, कुठे गेलो नाही. आज पर्वती.

आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत देवळात जात नाहीत. टेकडी चढायला हरकत नाही, गाभाऱ्यात जायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवून घेतलं. नम्रता असलं काही मानत नाही. ती दर्शनाला गेली, मी कठड्याशी थांबलो.

भूषण पायथ्याशीच भेटला. तोही आज पर्वतीला आला होता. हल्लीच्या मुलांना अशी आवड असते हे पाहून बरं वाटलं. तो दर्शनाला गेला नाही, माझ्या सोबतीला थांबला. मी म्हणालो, जा तू. तो म्हणाला, "नाही काका, मी बरा आहे इथे." वरून सगळं शहर दिसतं. मी पिंपरीची दिशा शोधत होतो, त्याने नेमकी दाखवली.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. रोज चढतात म्हणे. त्यांनी विचारलं, "पाहुणे का?"

"नाही, इथलेच. विश्रांतवाडी."

"किती वर्षं?"

मी सांगितलं.

"आणि पर्वतीला?"

"आज पहिल्यांदा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घाई केलीत," म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

भूषण हसू दाबत होता. मग मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. नम्रता परत आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो, ते पाहून ती एकदम थांबली आणि तिचे डोळे भरून आले. ती फार हळवी झाली आहे.

उतरताना भूषण पुढे गेला आणि नम्रता म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी कसबा पेठ बघू. जुनं पुणं म्हणतात ते तिथेच आहे."

ती म्हणाली, "बरं."


रविवार, ५ सप्टेंबर

कसबा पेठ. गल्ल्या इतक्या अरुंद की स्कूटी लांब लावावी लागली. बुरूड आळीत सुपं, टोपल्या, गणपतीसाठी बांबूची मखरं. एकजण बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होता, मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. मोजायचं साधन हातात नसताना एकसारखी जाडी येते याचं मला नेहमी नवल वाटतं. नम्रताने एक सूप घेतलं. घरात एक आहे, पण मी काही बोललो नाही.

भूषण आज बरोबरच आला होता. म्हणजे योगायोगाने नाही, ठरवून.

नंतर कसबा गणपती. नम्रता आत गेली. मी बाहेर. भूषणही बाहेर. चपलांपाशी दोघं उभे होतो.

तो म्हणाला, "काका, तुम्ही नाही जात?"

"वर्ष व्हायचंय."

"हं." थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या घरचं कोणीच देवळात जात नाही."

मग मी त्याचं आडनाव विचारलं. गजभिये. पूर्ण नाव बुद्धभूषण. गाव भंडाऱ्याकडे, वडील शिक्षक होते, आई आहे, धाकटी बहीण चैताली इथे शिकते. मी म्हणालो, "भंडाऱ्याला तांदूळ चांगला मिळतो." तो म्हणाला, "हो, आणू का?" इतकंच बोलणं झालं. पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. आमच्या भागात आडनाव कळलं की बाकीचं कळतं.

त्याने बाहेर थांबून माझी चप्पलही सांभाळली असं म्हणता येईल. मी ती घातलेलीच होती, तो भाग वेगळा.

घरी येताना नम्रता म्हणाली, "भूषणशी काय बोलत होता?" मी म्हणालो, "तांदूळ." तिने स्कूटी जरा जोरात चालवली.


मंगळवार, २१ सप्टेंबर

यंदा घरी गणपती नाही. सोसायटीचा स्पीकर खिडकीसमोर आहे. रात्री जेवताना मी अकोल्याचं स्थळ नम्रताला सांगितलं. ती जेवायची थांबली. म्हणाली, "मोठ्या बाबांना कळवून टाका, मला बघायचं नाही." एवढं सांगून ताट उचलून गेली. मुली आई नसली की अशा होतात बहुतेक. द्वारका असती तर तिने बघितलं असतं.

दादाला, म्हणजे तिच्या मोठ्या बाबांना, फोन केला नाही. गंज लागलेल्या कड्या होत्या, त्यांना तेल दिलं.


रविवार, ३ ऑक्टोबर

खडकवासला. धरण भरलेलं आहे. एवढी वर्षं या धरणाचं पाणी प्यायलो, आज त्याला पाहिलं. गर्दी फार, भजी, कणसं, गाड्या. आम्ही दोघंच गेलो. मी विचारलं, भूषण कसा आला नाही. ती म्हणाली, "मीच नको म्हटलं."

पाण्याकडे तोंड करून बसलो. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

तिला आणि बुद्धभूषणला लग्न करायचं आहे. कंपनी दोघांना जानेवारीत अमेरिकेला पाठवणार आहे, दोन वर्षांसाठी. लग्न करूनच जायचं असं दोघांनी ठरवलं आहे. नोंदणी पद्धतीने. त्याच्या आईला मान्य आहे.

मी विचारलं, "तुझ्या आईला माहीत होतं?"

"हो. हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. तो दोनदा भेटायला आला होता. तुम्ही डबा आणायला घरी गेला होता तेव्हा."

"ती काय म्हणाली?"

नम्रता हसली आणि मग तिला रडू आलं. "आई म्हणाली, बाबांना घरात सांगू नकोस. घरात काही सांगितलं की ते कपाट आवरायला घेतात. बाहेर कुठेतरी लांब ने, तिथे सांग. तिथे कपाट नसतं."

मी पाण्याकडे बघत राहिलो. पलीकडच्या काठावर संरक्षण प्रबोधिनीच्या इमारती दिसतात. एक मुलगा घोड्यावर बसायला पैसे मागत होता आपल्या आईकडे.

नम्रता म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला ना."

मी म्हणालो, "आगाखान पॅलेस राहिलाय अजून. आपल्या इतक्या जवळ असून. आणि सिंहगड."

"बाबा."

"वेताळ टेकडी पण आहे. तळजाई. सारसबागही मी नीट पाहिलेली नाही. दर रविवारी एक म्हटलं तरी उन्हाळ्यापर्यंत पुरतील."

ती उठून भज्यांच्या गाडीकडे गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. भजी न घेताच आली.

ठिकाणं मात्र खरोखरच राहिली आहेत. मी खोटं काही बोललो नाही.


बुधवार, ६ ऑक्टोबर

दादाला फोन केला. मीच केला. सगळं सांगितलं. का केला ते कळत नाही. तो काय म्हणणार हे मला माहीत होतं.

"आडनाव काय म्हनला?"

मी पुन्हा सांगितलं.

दादा म्हणाला, "आपल्या घरात असं झालं नाई आजलोक. तिले गावभर फिरवाले कायले गेला होता तू? घरात बसवाची सोडून?"

"तीच मला फिरवत होती."

"थेच तं म्हनतो मी! बाप कोन हाय तुमच्या घरात?"

मी म्हणालो, ठीक आहे, तिला सांगतो तुझं म्हणणं. फोन ठेवल्यावर, खरं लिहायचं तर, जरा हलकं वाटलं. ते दिवसभर टिकलं नाही.


रविवार, १० ऑक्टोबर

आज कुठे गेलो नाही.

सकाळी चहा घेताना मी नम्रताला म्हणालो, "मोठे बाबा नाही म्हणतात."

तिने कप खाली ठेवला. "का नाही म्हणतात?"

"तुला माहीत आहे."

"हो. जातीमुळे. ते निदान तोंडावर बोलतात, मी त्यांच्याशी भांडू शकते. तुम्ही कशामुळे नाही म्हणताय?"

"मी नाही म्हटलेलं नाही."

"'हो'सुद्धा म्हटलेलं नाही."

मी माझा कप विसळायला उचलला. ती म्हणाली, "बाबा, तुमचं पण तेच कारण असेल तर तसं सांगा. मी रडेन, भांडेन, पण कळेल तरी. हे असं..." मग तिने हात हवेत हलवला, जसं काही चिलटं हाकलत होती, आणि मैत्रिणीकडे जाते म्हणून निघून गेली.

मी विचार केला. खरोखर केला. माझं तेच कारण आहे का? कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर वर्षानुवर्षं रामटेके होता, आम्ही एका डब्यात जेवलो. पण त्याच्या घरच्या लग्नाला मी कधी गेलो नाही, शिफ्ट आहे म्हणालो. शिफ्ट होतीही. दादासारखं माझ्या मनात काही नाही, असं मी म्हणू शकतो. पूर्णपणे म्हणू शकतो का ते माहीत नाही. पण छातीत जे दडपण येतं ते त्याचं नाही. ते रात्री जेवणाची भांडी घासताना येतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात जातपात काही नसते.

कपाटाला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. तेही काही चांगलं नाही.


गुरुवार, १४ ऑक्टोबर

आगाखान पॅलेस एकट्याने पाहिला. नगर रस्त्यावरून शेकडो वेळा गेलो असेन, आत आज. पांढऱ्या कमानी, लांब व्हरांडे, हिरवळ. गुरुवार असल्याने शाळेची एक सहल आणि मी.

मागच्या बाजूला कस्तुरबांची समाधी आहे. कैदेत असतानाच त्या इथे वारल्या. मी शाळेत शिकलो होतो, पण ते इथे, द्वारकाच्या पोस्टापासून इतक्या जवळ, हे डोक्यात नव्हतं. द्वारका कधी जेवणाच्या सुट्टीत इथे आली असेल का? येऊ शकली असती. विचारायला हवं होतं. आमचं बोलणं बहुतेक भाजी, बिलं, नम्रताची फी यांचंच. ती दमून यायची, मी दमून यायचो किंवा निघायचो.

बाईंनी सहलीच्या मुलांना रांगेत बसवून डबे उघडायला लावले. मीही बाकावर बसलो. एकटं पाहिलं तर ठिकाण लवकर संपतं. कोणाला काही दाखवायचं नसतं.

घरी आलो. नम्रताने चिठ्ठी न ठेवता फोन केला, उशीर होईल म्हणून. आवाज सरळ होता, ऑफिसात बोलतात तसा.


रविवार, २४ ऑक्टोबर

परवा दसरा झाला. सोनं वाटलं नाही.

आज सकाळी बुद्धभूषण घरी आला. नम्रता आंघोळीला गेली होती. दारात उभा राहून म्हणाला, "काका, बंडगार्डनला येता का? आपण दोघंच." हातात तांदळाची पिशवी होती, भंडाऱ्याची. ती आत ठेवून त्याच्या मोटरसायकलवर बसलो.

नदीकडेच्या बाकावर बसलो. पाण्याला वास येत होता. तो थोडा वेळ हेल्मेटचा पट्टा उलटसुलट करत बसला.

"काका, मला फिरवून बोलता येत नाही. बुधवारी-गुरुवारी आम्हाला नोटीस द्यावी लागेल. मग तीस दिवस थांबायचं, मग लग्न. त्याच्यापेक्षा उशीर केला तर सगळंच पुढे जातं. तीन साक्षीदार लागतात. चैताली आहे, एक मित्र आहे. नम्रता म्हणते, तिसरे बाबा. दुसरं कोणी नको."

मी समोरच्या मक्याच्या गाडीकडे पाहिलं.

"तुम्ही आला नाहीत तर ती लग्न करणार नाही असं नाही. करेल. पण मग ती माझ्याबरोबर राहील ना, ती अर्धीच राहील. मला तशी नको आहे."

मग म्हणाला, "आणि जातीचं काही विचारायचं असेल तर विचारा. काय खातो, घरात काय असतं, काहीही. मला सवय आहे. लोक पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत तेव्हा मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं, हे वेगळे आहेत."

मला ते ऐकवलं नाही. मी म्हणालो, "मी विचारलं नाही कारण आडनावावरून कळलं."

तो हसला. मोकळं हसला. "तेही माहीत आहे मला, काका. तांदळाचं बोललात ना लगेच."

"तुझ्यात काही खोट नाही," मी म्हणालो.

"मग अडचण काय आहे?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. तरी ते तोंडातून गेलं. मी म्हणालो, "रविवारचं काय?"

त्याला कळलं नाही. "कुठल्या रविवारचं?"

"मी रविवारी काय करू?"

एवढंच बोललो. द्वारकाला नेलं त्या दिवशी मी रडलो नव्हतो, लोक म्हणाले फार धीराचा माणूस. आज बंडगार्डनच्या बाकावर, मक्याच्या गाडीसमोर, लोक येत-जात असताना रडलो. त्या मुलाने काही समजूत घातली नाही. मध्ये एकदा उठून पाण्याची बाटली आणली, झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि पुन्हा नदीकडे बघत बसला.

निघताना म्हणाला, "तिला सांगू का?"

मी म्हणालो, "नको."

पण त्याने सांगितलं असणार. घरी आलो तर नम्रता त्याच तांदळाचा भात लावत होती. तिने मला पाट सरकवला आणि वाढलं. भाताला वास चांगला आहे.


शुक्रवार, २९ ऑक्टोबर

नोटीस दिली. मी बरोबर गेलो नाही, पण नम्रताला पत्त्याच्या पुराव्यासाठी घराची कागदपत्रं लागत होती ती आदल्या दिवशीच टेबलावर काढून ठेवली. तिने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

दादाला फोन करून सांगितलं की साक्षीदार म्हणून मी सही करणार आहे. या वेळी त्याने काही विचारलं नाही. "कर मंग," म्हणाला. नंतर म्हणाला, "मी काई येत नाई." वहिनी मागून काहीतरी बोलत होत्या, ते ऐकू आलं नाही.


शुक्रवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. कंदील लावला नाही. सोसायटीत फटाके. नम्रताने एक पणती उंबऱ्यात ठेवली, मी तिला नको म्हटलं नाही.

महिनाभर रविवारी नम्रताबरोबर कुठे गेलेलो नाही. तिला खरेदी आहे, कागद आहेत. मी विचारत नाही, ती विचारते, "बाबा, या रविवारी जायचं का?" मी म्हणतो, तुझं आटप आधी.


गुरुवार, २ डिसेंबर

लग्न झालं.

तारीख त्यांनी दिली ती गुरुवारची. नम्रता म्हणाली, "बाबा, तुमच्या सुट्टीचा दिवस." मी जुना सफारी घातला, तो सैल झाला आहे. तिने द्वारकाची चिंचेच्या रंगाची साडी नेसली होती. बुद्धभूषणच्या आई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी मला हात जोडून "जय भीम" म्हटलं, मी नमस्कार केला. मग वाटलं, तसंच उत्तर द्यायला काय हरकत होती. रामटेकेला कारखान्यात द्यायचो की.

कार्यालयातल्या कारकुनाने साक्षीदारांची नावं विचारली. मला म्हणाला, "वधूशी नातं?"

"वडील."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "वडील साक्षीदार? बरंय. इथे वडील बहुतेक नंतर येतात, आरडाओरडा करायला."

सही करताना हात थांबला नाही. बाहेर चैतालीने पेढे वाटले, कारकुनालाही दिला, त्याने दोन घेतले. दुपारी सगळे मिळून एका हॉटेलात जेवलो. बुद्धभूषणच्या आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या फारसं बोलत नाहीत, मीही नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "दोन वर्सं लवकर जातात, भाऊ. मी याच्या बाबांच्या माघारी बारा काढली." मी म्हणालो, "काय करायचात?" त्या म्हणाल्या, "काई नाई. सकाळी उठायची."

संध्याकाळी नम्रता त्यांच्या घरी गेली. जाताना जिन्यात परत वळून आली, गॅस बंद आहे का बघितला, आणि गेली.

अंगात काही उरलं नाही. आठ वाजता झोपतो.


शनिवार, १८ डिसेंबर

वर्षश्राद्ध तिथीने उरकलं. दादा आला होता. रात्री जेवताना म्हणाला, "पोरगं कसं हाय?" मी म्हणालो, "चांगलं आहे." तो म्हणाला, "फोटो गिटो?" मी दाखवला. त्याने लांब धरून पाहिला, चष्मा नव्हता. "उंच दिसते," म्हणाला. तेवढंच. सकाळच्या गाडीने गेला.


रविवार, ९ जानेवारी २००५

गुरुवारी रात्री दोघं मुंबईहून गेली. काल पोचल्याचा फोन आला. बर्फ आहे म्हणते. आवाज मागेपुढे होतो, ती आणि मी, दोघंही एकदम बोलतो आणि दोघंही एकदम थांबतो.

ही डायरी मागच्या वर्षाची, पण पुढे पानं शिल्लक आहेत.

सकाळी जाग आली तेव्हा थोडा वेळ कुठला वार ते कळलं नाही. मग शेजारच्या घरातून मुलांचा आवाज आला, म्हणजे रविवार. पोळी-भाजी डब्यात घेतली. दोन बस बदलून लॉ कॉलेज रस्त्याला उतरलो आणि विचारत विचारत वेताळ टेकडीवर चढलो. बरेच लोक होते. जोड्या, मुलं, कुत्री, पळणारे. एका बाईने मला विचारलं, "खाणीकडे कुठून जायचं?" मी म्हणालो, "मीही पहिल्यांदाच आलोय." त्यांना खरं वाटलं नसावं.

वर चढून दम लागला. गवत पूर्ण वाळलं आहे. मी मळलेली वाट सोडून जरा आत गेलो, तिथे वर्दळ नव्हती. एका खडकावर बसलो. एका बाजूला सगळं शहर आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. धुरकट होतं, फार लांबचं काही दिसलं नाही. डबा खाल्ला. कोणाला काही दाखवायचं नव्हतं, तरी बराच वेळ बसलो.

उठताना पाहिलं तर दोन्ही मोज्यांत गवताची कुसळं भरली होती. तशीच चाललो तर टोचत होती. पुन्हा बसलो, बूट काढले, एक मोजा मांडीवर घेऊन कुसळं एकेक करून काढली. तो झटकून घातला. मग दुसरा घेतला.